आठवी शिकलेल्या बाईने बाळाला औषध द्यावे का?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे दुर्गम भागातील संसर्गजन्य आजारांविषयी आहेत. त्यांतील चार पत्रे थोडक्यात देऊन त्यांना उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच विनंतीवरून वगळली आहेत.

प्रश्न : बंधपत्राची सेवा म्हणून मी यंदा एका प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालो आहे. आशाताईंच्या कामाबद्दल मला आदर आहे. पण न्यूमोनियाचे निदान आणि प्रतिजैविकाची मात्रा आठवी शिकलेल्या बाईवर सोपवायची, म्हणजे शहरातल्या मुलाला डॉक्टर आणि खेड्यातल्या मुलाला अर्धा डॉक्टर, असे होत नाही का? शिवाय प्रतिजैविकांचा गैरवापर वाढेल, ती भीती वेगळीच. (एक वैद्यकीय अधिकारी, चंद्रपूर जिल्हा)

उत्तर : तुमच्या वयाचा असताना हीच शंका मलाही होती. ती एका पावसाळी पहाटे फिटली. बाजेवर टाकून चौदा किलोमीटर आणलेले दहा महिन्यांचे मूल माझ्या टेबलावर ठेवले गेले, तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. "कालपासून पोट उडतंय," म्हणजे धाप लागून पोट भराभर वरखाली होतेय, असे आई म्हणाली. हे लक्षण तिला कोणी शिकवावे लागले नव्हते, आणि डबा (न्यूमोनियाला तिकडे डबा म्हणतात) झाला आहे, हेही तिच्या सासूने आदल्या दिवशीच ओळखले होते. म्हणजे निदान घरातच झाले होते. नव्हते ते गोड पातळ औषध, आणि ते हाती ठेवणारे माणूस. ते मूल दुपारपर्यंत गेले. तेव्हापासून डॉक्टर बरा की आशा बरी, अशी तुलना मी करत नाही, कारण त्या टोल्यावर, म्हणजे पाड्यावर, आदल्या दिवशी या दोघांपैकी कोणीच नव्हते. होता तो दुचाकीवरून येऊन सुई टोचून जाणारा बोगस डॉक्टर, आणि तोही पाऊस होता म्हणून आला नव्हता.

कागदावर आदिवासी भागात ३,००० लोकवस्तीमागे एक उपकेंद्र आणि २०,००० लोकवस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असते. पण न्यूमोनिया झालेल्या तान्ह्या मुलाला लोकवस्तीचे प्रमाण कळत नाही. त्याच्याजवळ एखादा दिवस असतो, फार तर दोन. तेवढ्या वेळात नाला ओलांडून तुमच्यापर्यंत जे मूल येऊ शकते, ते तुमचे. जे येऊ शकत नाही, त्याचे काय, एवढाच प्रश्न उरतो.

आता आपण त्या बाईकडून नेमके काय करवून घेतो, ते पाहू. छातीला नळी लावून आवाज ओळखणे तिला सांगितलेले नाही, आणि रडणाऱ्या मुलाच्या छातीतले आवाज ऐकून निदान करताना आपली स्वतःची किती फसगत होते, हे तुम्हाला एव्हाना कळले असेल. तिने एक मिनिट श्वास मोजायचे. दोन महिन्यांखालच्या बाळाचे ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास भरले, तर श्वास जलद आहे असे समजायचे. दोन महिन्यांखालचे बाळ असेल किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, तर थेट रुग्णालयात पाठवणी. या कसोटीमागे पापुआ न्यू गिनीतल्या डोंगराळ मुलखात काम करणाऱ्या डॉक्टरांची निरीक्षणे आहेत, आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेने ती जगभर लागू केली. म्हणजे ही गरिबांसाठी काढलेली पळवाट नव्हे, तुमच्या पाठ्यपुस्तकातही हीच आहे.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने हे काम दाईंवर सोपवायचे ठरवले, तेव्हा अडचण अशी आली की अनेकींना साठपर्यंत मोजताच येत नव्हते. त्यावर त्यांनी एक मणीयंत्र तयार केले. त्यात एक मिनिटाची वाळूची घटिका आणि तारेत ओवलेले मणी असत. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, आणि वाळू संपण्याच्या आत शेवटचा लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. लहान बाळांसाठी मण्यांची रांग वेगळी, मोठ्या मुलांसाठी वेगळी. दहापर्यंत मोजता येणारी कोणतीही बाई हे करू शकते. मला स्वतःला वैद्यकातल्या अनेक महागड्या यंत्रांपेक्षा हे खेळण्यासारखे दिसणारे यंत्र अधिक बुद्धिमान वाटते, कारण ते शिकलेल्याच्या सोयीने नव्हे तर मोजणाऱ्या बाईच्या सोयीने केलेले आहे.

त्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. गावातल्या कार्यकर्त्यांनी आणि दाईंनी न्यूमोनियाच्या ६१२ रुग्णांवर उपचार केले, त्यांत दगावण्याचे प्रमाण ०.८ टक्के होते. तुलनेसाठी घेतलेल्या शेजारच्या भागात ते १३.५ टक्के होते. न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू ५४ टक्क्यांनी कमी झाले. पुढे १९९५ पासून याच संस्थेने ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचे काम गावातल्याच, पाचवी ते दहावी शिकलेल्या स्त्रियांवर सोपवले. बाळाला ऊब देणे, स्तनपान, वजन इथपर्यंत कोणाची हरकत नव्हती. पण जंतुदोष झालेल्या नवजात बाळाला या आरोग्यदूत जेंटामायसिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शनही देत असत, आणि वैद्यकीय वर्तुळात तुमच्यासारखाच आक्षेप त्यावर मोठ्या आवाजात घेतला गेला. १९९९ च्या निष्कर्षानुसार त्या गावांतले नवजात मृत्यू तुलनेने ६२ टक्क्यांनी घटले. त्यातूनच पुढे २०११ पासून आशाताईंच्या गृहभेटींचा राष्ट्रीय कार्यक्रम उभा राहिला. त्यात एक गोष्ट मात्र गळाली, ती म्हणजे इंजेक्शन. आशाला आजही तो अधिकार नाही. २०१४ साली केंद्र सरकारने एएनएमला, म्हणजे उपकेंद्रातल्या परिचारिकेला, तशा बाळाला जेंटामायसिन देण्याची मुभा दिली. आशा आणि एएनएम या दोघींमध्ये पुष्कळदा एक नाला, एक घाट आणि एक रात्र असते. सरकारच्या सावधगिरीमागची कारणे मला समजतात, तरी मूळ प्रयोगाचा गाभाच सौम्य झाला, असे माझे मत आहे.

आता "अर्धा डॉक्टर" या तुमच्या शब्दाविषयी. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केले. ज्या स्त्रिया पुढे त्यांच्या गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्या झाल्या, त्यांतल्या बहुतेक निरक्षर होत्या, पुष्कळशा दलित समाजातल्या होत्या, आणि त्यांची निवड गावाने केलेली होती. त्या दर आठवड्याला प्रशिक्षणाला येत, शिकलेले गावात वापरत आणि पुढच्या आठवड्यात अडलेले प्रश्न घेऊन परत येत. हा आठवड्याचा फेरा अनेक वर्षे चालला. कुष्ठरोग, क्षयरोग, हगवण, बाळंतपण या सगळ्यांत त्यांची मजल कुठवर गेली, ते पाहायला जगभरातून माणसे आली, आणि १९७८ साली अल्मा-आटा येथे प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा झाला, तेव्हा जामखेडसारखी उदाहरणे त्यामागे होती. त्या स्त्रिया अर्ध्या डॉक्टर नव्हत्या. त्यांच्यामागे एक अख्खे रुग्णालय उभे होते, त्यांची चिठ्ठी घेऊन आलेल्या रुग्णाला तिथे परत पाठवले जात नसे, आणि चूक झाली तर ती लपवण्याऐवजी सांगण्याची सोय होती. आशा अर्धी ठरते ती तिच्या शिक्षणामुळे नव्हे. तिच्या पेटीतले अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक संपून महिने लोटलेले असतात, तिने रात्री अकराला केलेला फोन आपण उचलत नाही, आणि तिने पाठवलेल्या मुलाला आपल्या केंद्रात प्राणवायू मिळत नाही, म्हणून ती अर्धी ठरते. यातले निदान दोन दोष तुमच्या हातात आहेत.

गैरवापराची भीती रास्त आहे, पण तिचा रोख चुकीच्या दारावर आहे. मोजणीचा नियम असलेली बाई साध्या सर्दी-खोकल्याला प्रतिजैविक देत नाही, कारण मणी तिथवर सरकतच नाही. असा लाल मणी आपल्या तालुक्याच्या बाजारपेठेतल्या किती दवाखान्यांत आहे, ते एकदा पाहून या. आणि पुढच्या मासिक बैठकीत नोंदवह्या तपासून झाल्या की लसीकरणाला आलेल्या एका मुलाचे श्वास सगळ्यांनी एकदम मोजा, तुम्हीही मोजा आणि आकडे जुळवून पाहा. पहिल्या वेळी तुमचाच चुकण्याची शक्यता मला अधिक वाटते.

प्रश्न : मी आशा म्हणून काम करते. आमच्याकडे हिवताप फार. रक्ततपासणीच्या किटवर रेघ आली की मी गोळ्या देते, पण ताप उतरला की लोक उरलेल्या गोळ्या छपराच्या वाशात खोचून ठेवतात. काही जण आठ-दहा दिवसांनी पुन्हा तपासायला लावतात, पुन्हा रेघ येते, मग "तुझ्या गोळ्यांत दम नाही" म्हणून पुजाऱ्याकडे जातात. मी काय सांगू? (भामरागड तालुका, गडचिरोली)

उत्तर : ताई, त्या लोकांची बाजू समजून घेऊन तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेतो, कारण गावाचा विश्वास तिथेच तुटतो आहे, आणि चूक तुमची नाही, गोळ्यांचीही नाही. तुमच्या किटवर फॅल्सिपेरम या हिवतापाच्या जंतूची जी रेघ उमटते, ती जिवंत जंतूची नसते, जंतूने रक्तात सोडलेल्या एका प्रथिनाची असते. चूल विझल्यावरही झोपडीत धुराचा वास राहतो, तसे जंतू मेल्यावरही हे प्रथिन दोन-तीन आठवडे रक्तात राहू शकते. त्यामुळे नुकतेच औषध पूर्ण केलेल्या माणसाची किटवर पुन्हा तपासणी करू नका. पुन्हा ताप आलाच, तर बोटातून रक्त घेऊन काचपट्टी करा आणि ती प्रयोगशाळेत पाठवा. तिथे सूक्ष्मदर्शकाखाली जंतू खरोखर दिसतो की नाही, ते कळते. हे गावाला आधीच, पहिली रेघ दाखवतानाच सांगून ठेवा. नंतर सांगितले तर ती सबब वाटते.

उरलेल्या गोळ्यांचे म्हणाल, तर ताप पहिल्या-दुसऱ्या दिवशीच उतरतो, कारण आर्टेसुनेट हे औषध बहुतेक जंतू झपाट्याने मारते. पण ते शरीरातून निघूनही लवकर जाते, आणि राहिलेले थोडे जंतू पुन्हा वाढतात. म्हणून तीन दिवस. पहिली मात्रा तुमच्या डोळ्यांसमोर, काही खायला घालून द्या आणि थोडा वेळ तिथेच बसा. मूल लगेच ओकले तर ती मात्रा पुन्हा द्यावी लागते. पाकिटाचा रंग वयाप्रमाणे आहे, तो घाईत चुकवू नका : एक वर्षाखाली गुलाबी, एक ते चार पिवळे, पाच ते आठ हिरवे, नऊ ते चौदा लाल आणि त्यावर पांढरे. मुलगा अंगापिंडाने थोराड दिसतो म्हणून त्याला वरच्या रंगाचे पाकीट दिल्याचे मी पाहिले आहे. दुसऱ्या दिवशीची प्रायमाक्विनची मात्रा रोग्याच्या बरे होण्यासाठी नसते, डासामार्फत दुसऱ्याला आजार जाऊ नये म्हणून असते, आणि ती गरोदर बाईला व एक वर्षाखालच्या बाळाला द्यायची नाही. गरोदर बाईला रेघ आली, तर तुम्ही पाकीट न फोडता तिला लगेच पुढे पाठवा. व्हायवॅक्स या दुसऱ्या जातीच्या जंतूची रेघ असेल, तर प्रायमाक्विन चौदा दिवस लागते, कारण तो जंतू यकृतात दडून बसतो. चौदा दिवस रोज जाणे शक्य नसते, म्हणून घरातल्या शाळकरी मुलीला भिंतीवर कोळशाने रेघा मारायला लावा. गोळ्या चालू असताना लघवी काळी झाली, तर मात्र त्या बंद करून डॉक्टरांना कळवा.

पुजाऱ्याशी भांडू नका. लोक त्याच्याकडे जाणारच आहेत. त्याच्याकडे तापाचा माणूस आला की मंत्राआधी तुम्हाला हाक मारावी, एवढे त्याच्याकडून कबूल करून घेता आले, तरी अर्धे काम होते. आणि बेशुद्धी, झटके, काहीच पोटात न राहणे, लघवी बंद होणे, यांपैकी एकही असेल तर किट उघडण्यात वेळ घालवू नका, गाडी बोलवा.

प्रश्न : आमच्या वस्तीवरचे एक जोडपे दरवर्षी ऊसतोडीला जाते. नवऱ्याला क्षयरोग निघाला असून औषध सुरू होऊन महिना झाला. उचल घेतलेली आहे, मुकादम थांबायला तयार नाही. दिवाळीनंतर टोळी कर्नाटकात जाईल. आता औषधाचे काय? बरोबर दोन लहान मुलेही आहेत. (एक शिक्षक, बीड जिल्हा)

उत्तर : क्षयाचे नेहमीचे उपचार सहा महिन्यांचे आणि ऊसतोडीचा हंगामही जवळजवळ तेवढाच, हा योगायोग आपल्या राज्यात अनेक वर्षे जीवघेणा ठरत आला आहे. निघण्याआधी त्यांना जवळच्या सरकारी केंद्रात घेऊन जा आणि ते कुठे, कोणत्या कारखान्यावर जाणार, हे तिथे नोंदवा. रुग्णाचा 'निक्षय' क्रमांक (क्षयरुग्णांच्या सरकारी नोंदणीचा) एका कागदावर लिहून नवरा-बायको दोघांजवळ द्या, कारण फोन हरवतो. या क्रमांकावर देशातल्या कोणत्याही सरकारी क्षयरोग केंद्रात औषध पुढे चालू ठेवता येते, कर्नाटकातही. वाटेत पुरेल इतका साठा बरोबर द्यावा, असा आग्रह धरा. दरमहा १,००० रुपये पोषणासाठी खात्यात जमा होतात (नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते ५०० होते). खाते आधारशी जोडलेले नसेल, तर हे काम तुम्ही शिक्षक म्हणून या आठवड्यात करून देऊ शकता.

मुलांचा प्रश्न अधिक तातडीचा आहे. कोपी म्हणजे पाचटाची एवढीशी जागा, त्यात चौघे रात्रभर एकच हवा घेणार. औषध नियमित चालू असले, तर रोग पसरण्याची शक्यता काही आठवड्यांत पुष्कळ कमी होते. पण त्याआधी घरात काय झाले आहे, ते पाहायला हवे. पत्नीची आणि दोन्ही मुलांची तपासणी करून घ्या. ज्यांना आजार नाही असे ठरेल, त्यांना क्षय होऊ नये म्हणून प्रतिबंधक औषध मिळते, आणि पाच वर्षांखालच्या मुलासाठी ते टाळू नये.

मुकादमाशी बोलायला तुम्ही स्वतः जा. त्याला दयेची भाषा कळेलच असे नाही, हिशेबाची कळते. औषध मध्येच सुटले तर हा कोयता, म्हणजे तोडणी करणारे हे जोडपे, पुढचा हंगाम करू शकणार नाही, आणि याच टोळीतले आणखी दोघे आजारी पडतील, हे त्याला सांगा. पोटभर अन्नाची बाबही केवळ चांगुलपणाची नाही. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात क्षयरुग्णांच्या कुटुंबीयांना माणशी दरमहा ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ दिली, तेव्हा त्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी आढळले. तेव्हा स्थलांतराच्या ठिकाणी रेशन मिळेल, अशी व्यवस्था करून देणे हाही औषधोपचाराचाच भाग समजा. एका शिधापत्रिकेवर देशात कुठेही धान्य घेता येते, हे अनेक मजुरांना कोणी सांगितलेलेच नसते.

प्रश्न : आमचा मित्रगट पावसाळ्यात पालघरच्या एका पाड्यावर एक दिवसाचे वैद्यकीय शिबिर घेऊ इच्छितो. सलाईन, इंजेक्शने आणि जुलाबाची औषधे सोबत नेणार आहोत. आणखी काय न्यावे? (पुणे)

उत्तर : सलाईन आणि इंजेक्शने नेऊ नका. एक दिवस सुई टोचून गेलेल्या पाहुण्यांमुळे पुढचे वर्षभर आशाचे क्षारसंजीवनीचे पाकीट लोकांना हलके वाटते, आणि नुकसान तिचे होते. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, शिरेतून द्यायचे द्रावण संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी नातेवाइकांच्याच हातून पाजायला सुरुवात केली. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३ टक्क्यांच्या आसपास आले. तिथेही पाजणारे हात अशिक्षितांचेच होते.

तुमच्याकडे पैसे असतील, तर आधी त्या पाड्याच्या आशाला भेटा आणि तिच्या पेटीत काय नाही, ते विचारा. बहुधा ती झिंकच्या गोळ्या, चालू स्थितीतला वजनकाटा, थर्मामीटर किंवा सेकंदकाटा असलेले घड्याळ सांगेल. जे सांगेल ते प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवून द्या. शिबिराच्या दिवशी जायचेच असेल, तर एक लिटरची बाटली आणि चहाचा चमचा घेऊन जा, एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे तिने बायांना दाखवावे आणि तुम्ही मागे बसून पाहावे.